दोनशे सत्तावन्नवर सुई

पॅरासिटामॉलवर हात बसलेल्या कुठल्याही जुन्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या, केमिस्टला मध्यरात्री उठवून विचारा, ७१५ हा आकडा तो डोळे न उघडता सांगेल. लग्नाची तारीख विचारलीत तर कदाचित अडखळेल. पॅरासिटामॉलचं अल्कलीतलं १ टक्का द्रावण १ सेंटिमीटर रुंदीच्या सेलमध्ये भरलं आणि त्यातून २५७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडला, तर ते किती प्रकाश शोषेल त्याचं हे माप. अर्थात एवढं दाट द्रावण कुणी मशीनमध्ये ठेवत नाही, पलीकडे मिट्ट काळोखच मिळेल. ७१५ हा नुसता हिशेबाचा आकडा. पण तापाच्या, अंगदुखीच्या, दाढदुखीच्या लाखो गोळ्या बाजारात जाण्याआधी या आकड्यापुढे हजेरी लावून जायच्या, आणि ती हजेरी घेणारे आम्ही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलाच्या डोळ्यासमोर वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर रस्ता, कांदिवली, पिंपरी अशी ठिकाणं असायची. मी ठाण्याच्या ज्या कंपनीत चिकटलो ती बेताचीच होती. सबंध कारखान्यात एसी दोनच, एक मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये आणि दुसरा यूव्हीच्या, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या मशीनच्या, खोलीत. मे महिन्यात प्रॉडक्शनमधली मंडळी काही ना काही निमित्त काढून यूव्हीच्या खोलीत डोकावून जायची. आमचा रुबाब होता तो एवढ्यापुरताच.

मशीन बेकमन डीयू जातीचं. कुठल्या तरी मोठ्या प्रयोगशाळेने काढून टाकलेलं आणि प्रिन्सेस स्ट्रीटच्या दलालामार्फत आमच्याकडे आलेलं. अमेरिकेत अरनॉल्ड बेकमन यांनी १९४१ साली ते बाजारात आणलं तेव्हा त्याची किंमत ७२३ डॉलर होती. त्याआधी एखाद्या पदार्थात जीवनसत्त्व अ किती आहे हे ठरवायचं तर तो उंदरांना आठवडेच्या आठवडे खाऊ घालायचा आणि त्यांची वाढ बघत बसायचं. डीयूने ते काम मिनिटांवर आणलं. १९७६ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत अशी तीसेक हजार मशीनं विकली गेली असं म्हणतात. त्यातलं एक ठाण्याला उतरलं आणि मुंबईच्या दमटपणात येऊन पडलं, हे त्याचं दुर्दैव.

कारण या मशीनला पावसाळा सोसत नसे. प्रकाश मोजणाऱ्या नळीच्या कप्प्यात जरा ओल शिरली की सुई एका जागी ठरायची नाही. त्यासाठी कप्प्यात सिलिका जेलची डबी असायची. कोरडी असताना निळी, पाणी प्यायली की गुलाबी. जुलैमध्ये ती रोज गुलाबी. सकाळी आल्या आल्या पहिलं काम म्हणजे डबी ओव्हनमध्ये टाकायची आणि निळी झाली की परत बसवायची. मशीनला वीज द्यायला चक्क मोटारची बॅटरी, कारण वीज मंडळाची वीज इतकी खालीवर व्हायची की रीडिंगला अर्थच उरायचा नाही. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं कामही केमिस्टचंच.

दिवा लावून अर्धा तास तापू द्यायचा. मग तरंगलांबीची चकती फिरवून २५७ वर आणायची. झडप बंद ठेवून काळोखाचा प्रवाह शून्यावर आणायचा. एका सेलमध्ये ब्लँक, म्हणजे औषध नसलेलं तेच अल्कलीचं पाणी. ते प्रकाशासमोर ठेवायचं, झडप उघडायची आणि फट कमीजास्त करून सुई मधोमध आणायची. मग दांडा ओढून सॅम्पलची सेल पुढे घ्यायची. सुई एका बाजूला कलंडते. आता मोठी चकती हळूहळू फिरवत सुई परत मधोमध यायला हवी. ती आली की चकतीवर जो आकडा असेल तो आपला. म्हणजे सुई काहीच सांगत नसे, ती फक्त हो किंवा नाही म्हणायची. आकडा आपल्या बोटांतून यायचा. नव्या माणसाची बोटं हावरी असतात, तो चकती झरकन पुढे नेतो आणि मग मागे येतो. सहा महिने गेले की एकाच दिशेने येऊन अचूक थांबण्याची सवय होते. ही सवय कुठल्याही पुस्तकात नव्हती.

सेल क्वार्ट्झच्या. साधी काच २५७ चा प्रकाश पलीकडे जाऊच देत नाही. सेलच्या दोन बाजू स्वच्छ पारदर्शक आणि दोन खरबरीत. बोटं लावायची ती खरबरीत बाजूंनाच. पुसायला जुन्या मलमलच्या धोतराचे धुवून धुवून मऊ झालेले तुकडे. आमचे सिनियर सेल उचलताना करंगळी वर धरायचे. फुटली तर पगारातून कापून घेतील ही धास्ती सगळ्यांनाच होती, पण करंगळी फक्त त्यांचीच वर.

मात्र यूव्हीचं काम दहा मिनिटांचं आणि त्याआधीची तयारी तासा-दीड तासाची. वीस गोळ्या एकत्र तोलून सरासरी वजन काढायचं, मग खलात घालून बारीक पूड करायची. समजा ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचं सरासरी वजन ५६० भरलं. वरचे ६० मिलिग्रॅम म्हणजे स्टार्च, चिकटवणी, मॅग्नेशियम स्टिअरेट असला लवाजमा. आपल्याला १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल हवं, म्हणून १६८ मिलिग्रॅम पूड घ्यायची. तराजू दोन पारड्यांचा, काचेच्या पेटीतला. वजनं चिमट्यानेच उचलायची, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं. शेवटच्या बारीक हिशेबासाठी दांडीवर रायडर नावाचं तारेचं इवलंसं वेटोळं सरकवायचं. पंखा बंद. दार उघडून कुणी आत आलं की त्याच्यावर सगळे एकदम खेकसायचे.

पुढची कृती आजही पाठ आहे. पुडीत ५० मिलिलिटर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, १०० मिलिलिटर पाणी, १५ मिनिटं हलवायचं, मग पाण्याने २०० ची खूण गाठायची. व्हॉटमन कागदातून गाळायचं आणि सुरुवातीचं थोडं गाळून आलेलं फेकून द्यायचं, कारण कोरा कागद थोडं औषध स्वतःच पिऊन बसतो. मग त्यातल्या १० चे १०० करायचे. त्यातल्या १० चे पुन्हा १००, या वेळी सोबत आणखी अल्कली. शेवटी एका मिलिलिटरमध्ये साडेसात मायक्रोग्रॅम औषध उरतं. डोळ्याला ते नितळ पाणी. मी नवा असताना त्या फ्लास्ककडे बघून मनात यायचं, की ह्यात काही आहे हे फक्त त्या मशीनला दिसतं.

अल्कली काही नुसती विरघळवण्यासाठी नसते. पॅरासिटामॉलच्या रेणूत फिनॉलचा एक हायड्रोजन असतो, तो अल्कलीत सुटतो. तो सुटला की रेणूचा स्वभावच बदलतो. साध्या पाण्यात २४३ च्या आसपास असलेलं शोषणाचं शिखर सरकून २५७ वर येतं आणि वर उंचही होतं. शिवाय स्टार्चबिर्च तिथे प्रकाशाच्या वाटेला जात नाही. जे काही शोषलं जातं ते औषधाने शोषलं असं म्हणायला जागा होते. ही युक्ती ज्याने प्रथम बसवली त्याला मी मनोमन कितीदा नमस्कार केला असेल.

समजा रीडिंग ०.५३१ आलं. म्हणजे शंभरातला एकोणतीस भाग प्रकाश पलीकडे पोचला, बाकीचा गोळीने खाल्ला. ७१५ ने भागायचं, पातळ केल्याचे गुणाकार उलटे करायचे. क्लार्कचं लॉग टेबल काढायचं, कारण कॅल्क्युलेटर होता तो साहेबांच्या खणात, कुलपात. उत्तर १४८.५ मिलिग्रॅम, १५० च्या मानाने ९९ टक्के. फार्माकोपियाची, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथाची, हद्द ९५ ते १०५. मशीनवर बोलायचं तर साधारण ०.५१ ते ०.५६, चकतीवर जेमतेम नखाएवढी जागा. त्या नखाएवढ्या जागेत सुई थांबली की लाखो गोळ्यांची बॅच सुटली. दारात प्रॉडक्शनचा सुपरवायझर उभाच असायचा.

“काय आलं?”

“नव्याण्णव.”

“मग सही करा की, गाडी लागलीय.”

आता भाचीचं सांगतो. ती हैदराबादजवळच्या एका कंपनीत क्यूसीमध्ये आहे. सुट्टीला आली की आम्हा दोघांच्या गप्पा रंगतात आणि घरातली बाकीची मंडळी हळूच उठून जातात. तिच्या यूव्ही मशीनमध्ये दोन किरण एकाच वेळी चालतात, एक ब्लँकमधून आणि एक सॅम्पलमधून, त्यामुळे दिवा लुकलुकला तरी फरक पडत नाही. चकती नाही, सुई नाही. सेल ठेवायची, झाकण लावायचं, कळ दाबायची. दोनशेपासून चारशेपर्यंतचा अख्खा आलेख पडद्यावर उमटतो आणि शिखर कुठे आहे ते मशीनच सांगतं. आम्ही ते शिखर एकेक नॅनोमीटर पुढे सरकत, प्रत्येक ठिकाणी ब्लँक जुळवत, आलेखाच्या कागदावर ठिपके मांडून काढायचो.

“मामा, खरंच तोंडाने पिपेट करायचात?” तिने एकदा विचारलं.

“सगळेच करायचे.”

“सोडियम हायड्रॉक्साइडसुद्धा?”

“०.१ मोलर. जिभेला लागलं तर साबणासारखं लागतं.”

तिने कपाळाला हात लावला. तिच्याकडे असं कुणी केलं तर त्याच दिवशी घरी पाठवतील, आणि योग्यच आहे ते. आमच्या पिढीतल्या काहींना ह्या आठवणी शौर्यकथांसारख्या सांगायला आवडतात. मला त्यात काही शौर्य दिसत नाही. रबरी फुगा तेव्हाही मिळत होता, कपाटात पडून असायचा.

मशीन बरोबर आहे की नाही हे तपासण्यातही जमीन-अस्मानाचा फरक पडला. आम्ही वर्षातून एकदा पोटॅशियम डायक्रोमेटचं द्रावण करून बघायचो. योगायोग असा की त्याचं एक शिखरही २५७ वरच असतं आणि तिथला ठरलेला आकडा १४४.५. तो जमला की मशीन वर्षभर साजूक. भाचीकडे होल्मियमच्या द्रावणाने तरंगलांबी तपासतात, २४१.१५, २८७.१५, ३६१.५, ५३६.३ असे चार खांब. पोटॅशियम क्लोराइडने भटका प्रकाश बघतात. टोल्युइन हेक्झेनमध्ये मिसळून दोन जवळची शिखरं मशीनला वेगळी दिसतात का ते पाहतात. प्रत्येकाचा छापील कागद, कागदावर वेळ, वेळेखाली नाव. तराजूचा आकडाही थेट संगणकात जातो, मध्ये पेन्सिल येत नाही.

पेन्सिलीचं जरा थांबून सांगायला हवं. आमच्या वेळच्या रीडिंगच्या वहीत पेन्सिलीने लिहायची पद्धत होती. आकडा पसंत नसेल तर खोडरबर होता. एखादी बॅच ९४.६ ला यायची, दारात गाडी उभी असायची, सिनियर म्हणायचे, “परत डायल्यूट कर, पिपेट नीट धुतलं नसशील.” कधी ते खरंच असायचं. कधी परत करून ९५.२ यायचं आणि पहिला आकडा जणू कधी आलाच नव्हता. ज्या कंपन्यांत मी उमेदवारी केली त्यांत असं होत नव्हतं असं शपथेवर सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. आज हद्दीबाहेरचा आकडा आला की तो पुसता येत नाही. ओओएस म्हणून त्याची रीतसर चौकशी लागते, कारण सापडेपर्यंत बॅच अडकून राहते, आणि कुणी काय, कधी बदललं हे ऑडिट ट्रेल दाखवतं. १९९७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संगणकातल्या नोंदी आणि सह्या यांचे नियम केले. अमेरिकेला माल पाठवणाऱ्या आपल्या कंपन्यांपर्यंत त्यांची धग पोचली ती हळूहळू, पण पोचली. भाची ह्या नोंदींना वैतागते. पाण्याची बाटली भरायला गेलं तरी लॉगआउट व्हावं लागतं, म्हणते. मी तिची बाजू घेत नाही.

आणि तिच्या इथे आता यूव्हीवर गोळीचा अ‍ॅसे, म्हणजे औषध किती याची मोजणी, करतच नाहीत. एचपीएलसीवर करतात. अमेरिकेच्या फार्माकोपियात पॅरासिटामॉलसाठी पाणी आणि मिथेनॉल ३ला १ घेऊन स्तंभातून सोडायची पद्धत आहे. औषध, त्यातली भेसळ, कचरा सगळं वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतं आणि बाहेर पडताना प्रत्येकाला २४३ नॅनोमीटरच्या प्रकाशासमोरून जावं लागतं. म्हणजे शेवटी मोजणारा डोळा तोच आहे. पूर्वी सगळे एकदम समोर यायचे, आता एकेकटे येतात. त्या वेगळं येण्यालाच सगळी किंमत आहे. पॅरासिटामॉल जुनं झालं, ओलं झालं की त्यातून पॅरा-अमायनोफिनॉल निघतं. तेही अतिनील प्रकाश शोषतं. आमच्या मशीनला गोळीतलं थोडं औषध कुजलेलं असलं तरी फारसं कळायचं नाही. प्रकाश शोषला गेला, आकडा आला, बॅच सुटली. ते कुजणं पकडायला आम्ही सोडियम नायट्रोप्रुसाइडची रंगाची परीक्षा वेगळी करायचो. अर्धा तास थांबून निळी झाक प्रमाण द्रावणापेक्षा गडद आहे का हे खिडकीच्या उजेडात डोळ्यांनी ठरवायचं. ढगाळ दिवशी दोन केमिस्टांची दोन मतं व्हायची आणि सिनियरांचं मत अंतिम धरलं जायचं.

प्रकाशाला काय दिसत नाही हे मुंबईतल्या केमिस्टांना १९८६ मध्ये फार वाईट रीतीने शिकायला मिळालं. जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेलं ग्लिसरीन दिलं गेलं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने सगळ्या व्यवस्थेची चिरफाड केली. ग्लिसरीन असो की डायइथिलीन ग्लायकॉल, दोघांतही २५७ वर प्रकाश खाणारं काही नाही. आमच्या त्या लाडक्या मशीनमध्ये दोघेही नितळ पाणीच दिसले असते. त्या वर्षी आमच्या खोलीत पूर्वीसारखे विनोद होत नव्हते. येणाऱ्या प्रत्येक पिंपाचा नमुना घेताना हात जरा थबकायचा.

गोळ्याही बदलल्या. लहानपणी डोकं दुखलं की डॉक्टरांचा कंपाउंडर तपकिरी बाटलीतून चार गोळ्या मोजून कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा, त्या एपीसी. अ‍ॅस्पिरिन, फेनासेटिन, कॅफीन. फेनासेटिन मूत्रपिंडाचं नुकसान करतं म्हणून आपल्याकडे १९८३ मध्ये त्याच्यावर बंदी आली. गंमत म्हणजे फेनासेटिन पोटात गेल्यावर त्याचं मुख्यतः पॅरासिटामॉलच होतं, हे ब्रोडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९४९ साली दाखवून दिलं होतं. पॅरासिटामॉल स्वतः तर १८७८ पासून रसायनशास्त्रज्ञांना माहीत होतं, मोर्स नावाच्या अमेरिकन माणसाने बनवलेलं. सत्तर वर्षं लोक वळसा घालून त्याच घरी जात होते. आता घराघरातल्या डब्यात त्याची पाकिटं आहेत, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालंय. मोबाईल धरला की बॅच नंबर आणि कारखान्याचा पत्ता हातात. अ‍ॅसे किती आला हे मात्र तिथे नसतं.

मला कुणी विचारलं की खायला कुठली गोळी घेशील, तर भाचीच्या हातची. विद्यार्थ्याला केमिस्ट्री शिकवायला कुठलं मशीन देशील, तर माझं. सेल ठेवून कळ दाबणाऱ्या मुलांना शून्य कशाला करायचं, फट कशाला असते, काच का चालत नाही, हे प्रश्न पडतच नाहीत; पडायचं कारणच उरलं नाही. फार्मसीच्या मुलाखतीला बसलो असताना एका मुलाने अ‍ॅब्सॉर्बन्स म्हणजे सॉफ्टवेअरमधली किंमत असं सांगितलं होतं. दोष त्याचा नव्हता, त्याने तेवढंच पाहिलं होतं.

तरीही ७१५ पूर्णपणे निवृत्त झालेला नाही. गोळीत औषध किती आहे याच्याइतकंच ते पोटात सुटतं का, हे महत्त्वाचं असतं. त्याची डिझोल्युशनची परीक्षा असते. ५.८ पीएचचं ९०० मिलिलिटर बफर, शरीराइतकं ऊबदार. त्यात गोळी टाकून पॅडल मिनिटाला ५० फेऱ्यांनी फिरवायचं, मग वरचं द्रावण काढून अल्कलीत पातळ करायचं आणि २५७ वर मोजायचं. आमच्या उमेदवारीच्या दिवसांत ही परीक्षा आमच्याकडे नव्हतीच. पाण्यात गोळी फुटली की झालं. फुटणं आणि विरघळणं ह्या दोन गोष्टी आहेत हे उशिरा लक्षात आलं. त्यामुळे मधल्या काळात ९९ टक्के औषध असलेल्या किती गोळ्या पोटातून जशाच्या तशा पुढे गेल्या असतील, देव जाणे.

भाचीच्या कंपनीत सध्या एनआयआरचा खटाटोप चालू आहे. गोळी कुटायची नाही, विरघळवायची नाही, अल्कली नाही, गाळणी नाही. यंत्रातून गोळ्या पडत असतानाच त्यांच्यावर निअर-इन्फ्रारेड प्रकाश टाकायचा आणि औषध किती ते तिथल्या तिथे सांगायचं. वीसच नव्हे, पाहिजे तेवढ्या गोळ्या. ऐकून मी हरखलो. पण त्या मशीनला स्वतःचं असं ७१५ नसतं. कमी औषधाच्या, जास्त औषधाच्या, ठीक औषधाच्या गोळ्या मुद्दाम बनवून त्याला दाखवाव्या लागतात, आणि प्रत्येक गोळीत प्रत्यक्ष किती औषध आहे ते आधी जुन्या पद्धतीने शोधून सांगावं लागतं. तेव्हा कुठे ते शिकतं. या महिन्यात भाची दिवसभर खल घेऊन गोळ्या कुटत बसलीय. हात दुखतो म्हणाली. मी विचारलं, गोळी घेतलीस का? म्हणाली, सगळ्या कुटल्या मामा, एकही उरली नाही.